फळांवरची लाल रेघ पुसा : बडोद्याच्या जिम-प्रशिक्षकांना खुले पत्र

बडोद्यातल्या तमाम जिम-प्रशिक्षकांस,



जानेवारी म्हणजे तुमचा सुगीचा महिना. अलकापुरी, गोत्री, मांजलपूर, वाघोडिया रोड, जिकडे पाहावं तिकडे नव्या पावत्या फाटताहेत. पावतीपाठोपाठ पोराच्या हाती पडतो तो डाएटचा कागद. माझी तक्रार त्या कागदातल्या एकाच ओळीबद्दल आहे. ती बहुधा तळाशी असते आणि बहुधा लाल रंगात असते : ‘नो फ्रूट्स’.

असा एक कागद सध्या आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. भाच्याचा. वय एकोणीस, वजन ६१ किलो, दंड अजून शर्टाच्या बाहीत हरवणारे. जिमचं नाव सांगत नाही, कारण तीच ओळ शेजारच्या मुलाच्या, दुसऱ्याच जिमच्या कागदावरही आहे. सकाळी पाण्यात शिजवलेले ओट्स आणि सहा अंड्यांचा पांढरा भाग, बलक फेकून. दुपारी ब्राऊन राइस आणि चिकन, दोन्ही काट्यावर तोलून. व्यायामानंतर एक स्कूप व्हे, म्हणजे प्रोटीन पावडर. रात्री पनीर आणि उकडलेली ब्रोकोली. झोपताना दोन चमचे इसबगोल. आणि खाली लाल शाईत : नो शुगर, नो मिल्क, नो फ्रूट्स. व्हेचा डबा मँगो फ्लेवरचा आहे.

मँगो फ्लेवरवर हसून झालं, पण इसबगोलापाशी मी अडलो. उंझ्याच्या बाजारातून हा भुसा देशोदेशी जातो, त्याचा गुजरातला अभिमान असावाच. पण एकोणीस वर्षांच्या धडधाकट पोराला तो रोज रात्री का लागावा? पेरू बंद केला, पपई बंद केली, चिकू बंद केला, पोट अडलं, म्हणून भुसा आला. शंभर ग्रॅम पेरूत पाचेक ग्रॅम तंतू असतात, चिकूतही जवळपास तेवढेच. म्हणजे तळाच्या ओळीने जे काढून घेतलं ते वरच्या ओळीत पुडीतून परत दिलं, आणि त्याचे पैसे वेगळे.

तुमची बाजू मला माहीत नाही असं समजू नका. तुमच्यापैकी काहींशी मी बोललो आहे, भाच्याने तर ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली आहे. पहिलं म्हणणं असं की फळात प्रोटीन नसतं. मान्य, शंभर टक्के मान्य. केळ्यात शंभर ग्रॅमला जेमतेम एक ग्रॅम, पपईत त्याहून कमी, पेरूत फार तर अडीच. पेरू खाऊन कुणाची छाती भरलेली नाही. अंगावर मांस चढतं ते हळूहळू वजन वाढवत नेलेल्या व्यायामाने, झोपेने आणि पुरेशा प्रोटीनने. त्या ‘पुरेशा’लाही मर्यादा आहे. २०१८ साली बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रोटीनच्या पुढे स्नायू वाढण्यात फारसा फरक आढळला नाही. भाच्याच्या वजनाला हा हिशोब शंभर ग्रॅमच्या आत बसतो. पण प्रोटीन नाही म्हणून फळ हद्दपार करायचं, तर ब्राऊन राइस कोणत्या गुणावर आत राहिला? शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन तीन ग्रॅमच्याही आत असतं. भात तिथे आहे तो कार्बसाठी, जोर-बैठकांना इंधन म्हणून. केळंही त्याच कामाचं. भाताच्या शंभर ग्रॅममध्ये १३० कॅलरी, केळ्याच्या शंभर ग्रॅममध्ये ९०. आंब्यात तर साठच. हे आकडे पाहून तुमच्यातला एकजण म्हणाला, ‘काका, थिअरीमध्ये बरोबर आहे.’ थिअरी नव्हे, तराजू आहे.

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला जास्त वेळ देतो. फळातली साखर म्हणजे फ्रुक्टोज, फ्रुक्टोज यकृतात जातं, यकृत त्याची चरबी करतं, ती चरबी पोटावर बसते. ‘यकृतात जातं’ इथपर्यंत हे बरोबर आहे. स्नायू फ्रुक्टोज थेट फारसं वापरत नाहीत, त्याची व्यवस्था मुख्यतः यकृतच लावतं. पण यकृताचं स्वतःचंही एक कोठार असतं, शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं. स्नायूंचं कोठार त्याच्या चार-पाच पट. रात्रभराच्या उपासात यकृताचं कोठार बरंच रिकामं होतं, कारण झोपेतही मेंदूला साखर पुरवायची असते. व्यायामानंतर ते आणखी खाली जातं. ते भरायला ग्लुकोजच्या जोडीला फ्रुक्टोज असेल तर काम लवकर होतं, हे खेळाडूंवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे. केळ्यात दोन्ही असतात. म्हणजे पहाटे उठून उपाशीपोटी जिमला येणाऱ्या पोराला फ्रुक्टोजची भीती घालायची, हे उलटंच झालं.

चरबी होते का? होते. कोठार भरलेलं असताना, दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं असताना आणि फ्रुक्टोज ढिगाने आलं असेल तेव्हा होते. आता ढीग म्हणजे किती ते बघू. मध्यम केळ्यात फ्रुक्टोज पाच-सहा ग्रॅम. बऱ्यापैकी मोठ्या सफरचंदात दहा-अकरा. अर्धा लिटर कोल्यात साखर पन्नासेक ग्रॅम, तिच्यातलं निम्मं फ्रुक्टोज, आणि ते पाच मिनिटांत पोटात. तेवढं फ्रुक्टोज केळ्यांतून मिळवायचं तर चार-पाच केळी एका बैठकीत सोलावी लागतील. फ्रुक्टोजविरुद्ध जे पुरावे जमले आहेत ते मुख्यतः गोड पेयांचे आणि प्रयोगशाळेत मुद्दाम मोठ्या मात्रेत पाजलेल्या फ्रुक्टोजचे आहेत. चावून खाल्लेलं, तंतूंसकट, पाण्यासकट पोटात गेलेलं फळ त्या आरोपीच्या पिंजऱ्यात कुणीतरी ओढून उभं केलं आहे.

रसाचं मात्र तुमच्या बाजूने लिहून देतो. ज्यूस सेंटरवरचा मोसंबीचा मोठा ग्लास म्हणजे चार-पाच फळं, चोथा काढून, वर साखरेचा पाक. चिकू शेकमध्ये आइस्क्रीमचा गोळा. ते बंद करा, मी टाळ्या वाजवीन. आमरसाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मे महिन्यात आमच्याकडे केसर की हापूस यावर आजही दोन तट पडतात आणि वाटी कितवी हे विचारणं असभ्य समजलं जातं. पण तिथेही दोष आंब्याच्या माथी मारू नका. रसात घातलेली साखर आणि सोबतच्या पुऱ्या आधी मोजा.

आता ती ओळ मुळात आली कुठून? ती आली स्टेजवरून, आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे.

स्पर्धेत उतरणारा शरीरसौष्ठवपटू शेवटचे बारा-सोळा आठवडे कटिंगला बसतो. कॅलरी खाली, प्रोटीन चढं, चरबी जेमतेम. अशा तंग अंदाजपत्रकात जे सहज कापता येतं ते कापलं जातं, आणि फळ पहिल्यांदा कापलं जातं. त्या काळात मी त्याच्याशी भांडणार नाही. तरी तिथेही प्रश्न फळाचा नसून वजनाचा आहे. पाव किलो पपई म्हणजे ११० च्या आत कॅलरी, तीनशे ग्रॅम कलिंगड म्हणजे नव्वद. भुकेने कासावीस झालेल्या माणसाला ताटात काहीतरी भरगच्च लागतं, आणि इतक्या कमी कॅलरीत पोट भरणारी गोड वस्तू दुसरी कोणती आहे? काकडी खाऊन खाऊन रात्री दोन वाजता फ्रिजसमोर उभा राहणारा आणि शेवटी बिस्किटांचा पुडा फोडणारा स्पर्धक तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिला असेल.

शेवटच्या आठवड्याची गोष्ट आणखी निराळी. पाणी, मीठ, कार्ब, सगळ्याचीच ओढाताण. काहीजण लघवीच्या गोळ्या घेऊन अंगातलं पाणी काढतात. त्यातल्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाहीत. मग केळं, शहाळं यांची खरोखर धास्ती घ्यावी लागते, कारण रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडते. या गोळ्यांचा खेळ जिवावर बेततो. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हा नावाजलेला शरीरसौष्ठवपटू हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला, आणि त्याच्या मृत्यूचं कारण म्हणून अशाच गोळ्यांकडे बोट दाखवलं गेलं. तुमच्यापैकी कुणी हे करतं असं मी म्हणत नाही. पण केळं विषासारखं टाळा, ही दहशत ज्या जगातून झिरपत आली ते जग हे आहे. तिथेही गुन्हा गोळीचा, शिक्षा केळ्याला.

आणि हे पथ्य आता मकरपुरा जीआयडीसीत पाळी करून संध्याकाळी तासभर डंबेल उचलणाऱ्या पोराच्या कागदावर आलं आहे. त्याला कुठलं स्टेज, कुठली तारीख? एका माणसाच्या वर्षातले तीन-चार महिने दुसऱ्या माणसाच्या बाराही महिन्यांवर चढवले गेले. ज्याला उतरायचंच नाही त्याला कटिंग, आणि तेही अंगावर मांस चढायच्या आधीच. ६१ किलोच्या पोराला चार घास जास्त हवेत. व्यायामानंतर दूध आणि दोन केळी हे त्याचं हक्काचं खाणं, आणि कागदाने नेमकी तीच दोन नावं खोडली आहेत.

आपल्या गावात हे असं चालावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण शरीर कमावण्याचा विचार बडोद्याला काल-परवा सुचलेला नाही. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० सालचं. तिथे राजरत्न प्रा. माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० त्यांच्याकडे शिकले, पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून त्यांनी योगाला प्रयोगशाळेत नेलं. माणिकराव नुसते कसरत शिकवत नव्हते, मोडलेली हाडं बसवण्यातही त्यांचं नाव होतं. म्हणजे शरीर आतून कसं चालतं हे जाणून घेणं त्यांच्या लेखी उस्तादाच्या कामातच मोडत होतं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला, तो याच गावातून. ज्या शहराने व्यायामावर दहा खंड लिहिले, तिथे आज आहारशास्त्र व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका पानात उरकतं. तेही दुसऱ्याच्या पानाची नक्कल, कारण त्यात ब्लूबेरी चालेल असं लिहिलेलं मी वाचलं आहे. ब्लूबेरी चालते आणि जांभूळ चालत नाही!

कमाटीबागेतल्या म्युझियममधली गामा पैलवानाची शिळा तुम्ही पाहिली असेल. नसेल पाहिली तर एखाद्या रविवारी पोरांना घेऊन जा. २३ डिसेंबर १९०२ रोजी नजरबाग पॅलेसमध्ये गुलाम महंमद, म्हणजे गामा, यांनी ती उचलली असं त्यावरचा लेख सांगतो. वजन १२०० किलो म्हणतात. माणूस तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. त्याच्या खुराकाच्या कथा तुम्हाला पाठ असतील : दहा लिटर दूध, दीड पौंड बदामाचा लगदा. त्या कथांचं एक शेपूट मात्र सांगताना गळतं. तोच खुराक सांगणारे लोक त्यात फळांचा रसही होता असं सांगतात. रसाबद्दल माझं मत वर आलंच आहे, आणि ज्याला ती शिळा हलवता येत नाही त्याने तो खुराकही उचलू नये. हजारांनी बैठका मारणाऱ्याचं पोट वेगळं. पण भारतीय पैलवानी परंपरा फळाला घाबरत होती असं निदान कुणी सांगू नये.

आखाडा जुना झाला, आम्ही बॉडीबिल्डिंगवाले, असं म्हणणार असाल तर मनोहर आइच यांचं नाव घेतो. बंगालचा हा बुटका माणूस १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स झाला आणि २०१६ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षात गेला. आपल्या तब्येतीचं श्रेय तो दूध, फळं, भाज्या, भात, डाळ आणि मासे यांना द्यायचा. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही हे मला कळतं. पण फळ खाल्लं की स्नायू दिसेनासे होतात, हे खोटं ठरवायला एक माणूस पुरतो.

आणखी एक गोष्ट बडोद्यापुरती महत्त्वाची आहे. तुमच्याकडे येणारी निम्मी पोरं तरी शाकाहारी घरांतली असतात. त्यांना लोह मिळतं ते डाळी, कडधान्यं, बाजरी, पालेभाज्या यांतून, आणि हे लोह अंगी लागायला जडच. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, आणि प्रौढ पुरुषाची दिवसाची शिफारस आहे ८०. मुगाच्या उसळीबरोबर अर्धा पेरू खाल्ला की काम झालं. त्याऐवजी काउंटरवरून मल्टिव्हिटॅमिनची बाटली विकली जाते. विकण्याला माझा विरोध नाही, भाडं तुम्हालाही भरायचं असतं. पण जे खंडेराव मार्केटच्या टोपलीत पडलेलं आहे ते आधी बंद करायचं आणि मग बाटलीत विकायचं, हे बरं दिसत नाही. भरूच, नर्मदा, आणंद हे आपल्या अंगणातले जिल्हे केळ्यांनी भरलेले आहेत. जीआयडीसीतल्या पोराला ब्रोकोली परवडत नाही, केळी परवडतात. ड्रॅगन फ्रूटला २०२१ साली आपल्या सरकारने कमलम म्हणायचं ठरवलं, ते महागडं फळ मी सुचवत नाहीये.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात साधारण २००० कॅलरींच्या ताटात रोज शंभर ग्रॅम फळं आणि चारशे ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. प्रोटीन पावडरींपासून जपून राहा असंही त्याच सूचनांत आहे. पावडरीवर मी तेवढा कडक नाही. पनीर-डाळीवर प्रोटीन पुरं होत नसेल तर एखाद्या स्कूपने आभाळ कोसळत नाही. पण २००० कॅलरी खाणाऱ्या बैठ्या माणसाला शंभर ग्रॅम फळ सांगितलं जात असेल, तर रोज घाम गाळून २६००-२८०० खाणाऱ्या पोराला शून्य कसं?

ज्यांना खरोखर जपावं लागतं तेही आहेत. मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती आणि कोणतं फळ हे डॉक्टरने सांगावं. ते ना तुमचं काम ना माझं. काहींना जास्त फळाने पोट फुगतं, त्यांनी मात्रा कमी करावी. बाकी सगळ्यांसाठी दिवसाला दोन फळं यात अवघड काहीच नाही. एक व्यायामाच्या आगेमागे, केळं किंवा चिकू. एक जेवणाबरोबर, पेरू, पपई, संत्रं, जे हाताशी असेल ते.

आणि सल्ला विचारायला फार लांब जावं लागत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान विद्याशाखा १९५० साली सुरू झाली, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना. तिथे अन्न आणि पोषण विभाग आहे, दरवर्षी तिथून शिकलेल्या मुली बाहेर पडतात. तुमच्यातल्या किती जणांच्या जिममध्ये त्यांच्यापैकी एक बसते? एखादीला आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलवा. ट्रेडमिलच्या एका दुरुस्तीइतकाही खर्च येणार नाही, आणि कागदावर तुमच्या सहीखाली शिकलेल्या माणसाची सही येईल.

मागणं फार नाही. ज्याच्या स्पर्धेची तारीख ठरली आहे त्याच्या कागदावर फळ किती ग्रॅम आणि कोणत्या आठवड्यापर्यंत ते लिहा, बंद केलंत तर परत कधी सुरू करायचं तेही लिहा. ज्याला तारीख नाही त्याच्या कागदावरची लाल ओळ आज पुसा. आणि कुणा पोराने ‘का बंद?’ विचारलं तर ‘चरबी होते’ म्हणून त्याला वाटेला लावू नका, आकडा दाखवा.

चौदा तारखेला उत्तरायण आहे. त्या दिवशी तुमच्या जिममध्ये चिटपाखरू नसेल, सगळी पोरं गच्चीवर असतील, आणि गच्चीवर चिक्की, उंधियू, ऊस, बोरं, पेरू सगळंच फिरत असेल. त्याच्या आदल्या रात्री तुमच्या ग्रुपवर एवढंच टाका : चिक्की मोजून खा, पेरू मनमुराद खा.



आपला,
दांडिया बाजारातला एक बडोदेकर